शिडाच्या जहाजावरच्या प्रशिक्षण सफरीने १७ वर्षांच्या मुलात खरंच फरक पडतो का? आम्ही पणजीत राहतो.

हो, पडतो, पण सफर काही दिवसांची असेल आणि मुलाला प्रवासी म्हणून नव्हे तर खलाशी म्हणून घेतलं असेल तरच. मी दोना पावलाला मुलांना छोट्या शिडाच्या होड्या शिकवते, त्यावरून सांगते. मोठ्या जहाजावर चार-चार तासांच्या पाळ्या असतात. रात्री बाराला झोपेतून उठून सुकाणू धरायचं, कारण आधीचा गडी दमलेला असतो आणि त्याच्या जागी तुम्हीच जायचं असतं. शीड ओढायला पाच-सहा जणांनी एका दमात दोर खेचावा लागतो. एकाने अंग चोरलं की ते तिथेच अडतं आणि सगळ्यांना दिसतं. घरी कितीही सांगून न येणारी जबाबदारी तिथे दोन दिवसांत अंगात मुरते. मला हे फार मोलाचं वाटतं.

एक मात्र लक्षात घ्या. वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधलेली ‘तरंगिणी’ (१९९७) आणि ‘सुदर्शिनी’ (२०१२) ही नौदलाची जहाजं आहेत, मुख्यतः नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी. फी भरून तिथे जागा मिळत नाही. म्हणून आधी:

- पोहणं पक्कं करा
- कॉलेजात एनसीसीची नौदल शाखा आहे का ते विचारा
- पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून, छोट्या होडीवर शिकायला पाठवा. होडी उलटली की सरळ कशी करायची, हा तिथला पहिला धडा