सिंहगड-राजगड-तोरणा एका दमात, कुणाच्याही मदतीविना धावायचं आहे. तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की दोन पूर्ण मॅरेथॉन झाल्या आहेत, कात्रज ते सिंहगड रात्रीतून केलंय, आणि आता डिसेंबरात सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून निघून तीन गड करत तोरण्याखालच्या वेल्ह्यात उतरायचं आहे. वाटेत गाडी नाही, पाणी द्यायला माणूस नाही, लागेल ते सगळं पाठीवर. याच वाटांवर एसआरटी अल्ट्रा नावाची शर्यत होते, पण तुम्हाला ती नकोय, स्वतःचं स्वतः करायचंय. चांगला बेत आहे. पन्नास किलोमीटरच्या आसपासचा पल्ला आहे, आणि पायांची ताकद तुमच्याकडे नसेल तर चार-पाच महिन्यांत येईल. मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. हा पल्ला पार पडणार की नाही ते राजगडाच्या आळू दरवाजात ठरतं. तिथे तुम्ही किती वाजता पोचता, पाठीवर किती पाणी असतं आणि डोकं किती ताळ्यावर असतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. म्हणून मी तयारीचा हिशेब तिथून सुरू करतो आणि उलटा मोजत आतकरवाडीपर्यंत येतो.

आळू दरवाजा संजीवनी माचीवर आहे. तिथून उतरलात की राजगड सुटतो आणि तोरण्याकडे जाणारी डोंगराची धार सुरू होते. उजवीकडे वेल्ह्याचं खोरं, डावीकडे खाली वेळवंडीचं खोरं आणि भाटघरचं पाणी. नकाशावर ही धार सरळ दिसते. प्रत्यक्षात दर काही मिनिटांनी एखादी ढोरवाट फुटते, आणि ती खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेली असते. गुरं चरायला जिथे जातात तिथे ती वाट जाते, तोरण्याला नाही. उजेडात हे लगेच कळतं, कारण समोर तोरण्याची बुधला माची दिसत असते. अंधारात, आठ-नऊ तास चालून झाल्यावर, बॅटरीच्या गोल उजेडात दिसणारी प्रत्येक वाट खरी वाटते. पुढे वेल्हे-भुतोंडे रस्त्याची खिंड लागते. ती ओलांडली की बुधल्याकडचा चढ. खालची झाडी संपली की उघडा कातळ आणि घसारा. पाय टाकला की मुरूम सरकतो, काठी टेकवली तर तीही सरकते, आणि बाजूला दरी आहे. ताज्या पायांनी हा चढ अवघड नाही, पण तुमचे पाय तेव्हा ताजे नसणार.

म्हणजे ही धार उजेडात हवी आणि भर दुपारच्या आधी हवी. आता वेळेचं गणित बघा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक आडाखा सांगितला, तो आजही चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास वर. आतकरवाडीतून सिंहगड, गुंजवण्यातून राजगड आणि शेवटी तोरणा, हे तिन्ही चढ प्रत्येकी साधारण तेवढेच भरतात. मधल्या धारांचे चढउतार मिळवून आणखी एक तास धरा. दहा अधिक चार, चौदा तास. तुम्ही उतारावर आणि सपाटीवर पळून जे वाचवाल ते वाट शोधण्यात, पाणी भरण्यात आणि बुटातले खडे काढण्यात जाईल. पहिल्या वेळेला चौदा तासच धरा.

पहाटे चारला निघालात तर आळू दरवाजात पोचेपर्यंत दुपार होते, म्हणजे धार ऐन उन्हात आणि बुधला संध्याकाळी. याहून वाईट वेळापत्रक मला सुचत नाही. मध्यरात्रीच्या सुमाराला निघालात तर सिंहगड उतरून विंझर गाव पहाटे येतं, राजगडावर कोवळं ऊन मिळतं आणि बुधला दुपारच्या आसपास येतो. डिसेंबरातलं दुपारचं ऊन सोसतं. सिंहगडाला रात्री जाण्यावर वनखात्याचे निर्बंध असू शकतात. आदल्या आठवड्यात चौकशी करून, परवानगी लागत असेल तर घेऊनच निघा.

रात्रीचा टप्पा म्हणजे सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून उतरून विंझरकडे जाणारी धार. ही कात्रज-सिंहगडसारखी रहदारीची वाट नाही. ती आधी दिवसा करून ठेवा, आणि मग एकदा रात्री, कुणाला तरी सोबत घेऊन. तसंच राजगड-तोरणा हा टप्पा वेगळा, दिवसा, नुसत्या ट्रेकच्या वेगानं करून या. मोबाईलमध्ये वाटेची जीपीएक्स फाइल (नकाशावर आखलेली वाट दाखवणारी) असावीच, नकाशा ऑफलाइन उतरवलेला असावा, पण वळणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असली की ऐन वेळी मोबाईल बाहेर काढायची गरज कमी पडते. तुकड्यातुकड्यानं ओळखीची झालेली वाटच सलग करावी, असं माझं ठाम मत आहे.

पाण्याचं. सेल्फ-सपोर्टेडमध्ये, म्हणजे असं स्वतःच्या बळावर धावताना, वाटेतल्या गावचा नळ, टपरी, गडावरचं टाकं चालतं, कारण ते सगळ्यांना खुलं असतं. फक्त तुमच्यासाठी म्हणून कुणी आणून ठेवलेलं नको. सिंहगडावर देवटाकं आहे. विंझर रस्त्यावरचं गाव आहे, पण पहाटे दुकान उघडं असेल या भरवशावर राहू नका. राजगडावर चोरदरवाजातून वर आलात की समोरच पद्मावती तलाव, आणि माचीवर टाक्यांचं पाणी. इथे सगळं भरून घ्या. इथून तोरण्यावरच्या मेंगाईच्या देवळाच्या परिसरापर्यंत मी पाणी नाही असंच धरतो. धारेवर धनगरांची घरं लागतात, तिथे कधी ताक, कधी लिंबू सरबत मिळतं, आणि त्या ताकाची सर कुठल्याच पावडरीला नाही. पण ती माणसं गुरांमागे गेली असली तर घराला कडी असते. म्हणून पद्मावतीवरून निघताना अडीच लिटर पाठीवर हवं. अडीच किलो वजन वाढतं, वाढू द्या. गडावरचं पाणी क्लोरीनचे थेंब टाकून किंवा फिल्टरमधूनच प्या.

पाणी कमी पडणं जितकं वाईट, तितकंच नुसतं पाणी ढोसत राहणंही. घामातून मीठ जातं, वर साध्या पाण्याचा मारा केला तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजल्यासारखी होतात, डोकं दुखतं, मळमळतं, आणि पुढे माणूस असंबद्ध बोलायला लागतो. तहान लागेल तसं प्या आणि मीठ पोटात जाऊ द्या. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्याची असते, ती एक लिटरमध्येच टाका, अर्ध्या बाटलीत नको. आणि ओआरएस म्हणजे खाणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे जेमतेम पन्नास-पंचावन्न कॅलरी. तेवढ्यावर राजगड चढता येत नाही.

खाण्याचा हिशेब तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकांचा ठेवा, आणि भूक लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासानं थोडं थोडं खा. बी काढलेल्या खजुरात 100 ग्रॅमला सत्तरच्या पुढे कर्बोदकं असतात, म्हणून खजूर वजनाला परवडतो. पण चौदा तास गोड जात नाही. सहाव्या-सातव्या तासाला जीभ गोडाला नाही म्हणते, आणि तिथून माणूस खाणं टाळायला लागतो. उकडलेले बटाटे मीठ-जिरं लावून, दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या असं काहीतरी हवंच. धावपटूंच्या एनर्जी जेलची पाकिटं घ्यायची तर घ्या, पण सरावात पोटाला सवय करून. जे लांबच्या सरावात खाल्लेलं नाही ते त्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका.

आता सराव. रस्त्यावरून येणारे बहुतेक जण चढाची तयारी करतात आणि उतारावर फसतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीर तोलून धरतो. त्यात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे हाल होतात ते त्यामुळे. फुफ्फुसं कितीही तयार असोत, मांड्या गेल्या की राजगडाचा उतार तुम्ही बसत बसत उतरता. बरी गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतात. एकदा नीट उताराचा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच मार कमी लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा सिंहगड, पाठीवर भरलेली सॅक घेऊन, चढ जोरात चालत आणि उतार पळत. पुढे एका सकाळी दोनदा, मग तीनदा. रविवारच्या गर्दीत उतारावर पळू नका, आजोबा-आजी, लहान मुलं चढत असतात. त्यासाठी कामाच्या दिवशीची पहाट बरी. शनिवारी चार-पाच तास डोंगरात आणि रविवारी थकलेल्या पायांनी पुन्हा तीन तास, असे जोडदिवस महिन्यातून दोनदा केलेत तर पुरे. किलोमीटर मोजू नका, तास आणि चढाई मोजा. शेवटचा मोठा उतार मुख्य दिवसाच्या दोन ते तीन आठवडे आधी उरका, नंतर पाय मोकळे ठेवा.

चढ पळायचा नाही, हे सरावातच अंगी बाणवा. चांगले धावपटूही हे चढ हात गुडघ्यावर ठेवून नाहीतर काठ्या टेकत चालतात. बोलता येईल इतकाच दम लागू द्या, विशेषतः पहिल्या सिंहगडाला. तिथे घाईनं वाचवलेली दहा मिनिटं तोरण्यावर तासभर महाग पडतात.

सामानात डोक्याची बॅटरी आणि तिचे जादा सेल, पॉवर बँक, शिट्टी, क्रेप बँडेज, टेप, आणि पातळ चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट. शिवाय वाऱ्याचं जाकीट, डिसेंबर असला तरी. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत हवा अचानक फिरली आणि 21 धावपटू गारठून मरण पावले. वाऱ्याचं जाकीट तिथे सक्तीचं नव्हतं. सह्याद्रीत तितका गारठा नाही, पण पाय मुरगळून घामानं ओल्या बनियनवर पहाटेच्या वाऱ्यात दोन तास बसायची वेळ आली तर ते शंभर ग्रॅमचं जाकीटच उपयोगी पडतं. पायात पूर्ण लांबीची टाइट घाला आणि बुटावर गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण, लावा. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, कुसळं मोज्यात शिरतात आणि दर पावलाला टोचतात. काढायला बसलात की ती बोटांत मोडतात. शिवाय गवतात फुरसं असतं, त्या रंगात ते दिसत नाही. हात टेकताना कातळाच्या कपारीत बघून टेका. आग्यामोहोळ असलेल्या कड्याजवळून आवाज न करता पुढे व्हा, अंगावर अत्तर-डिओ नको.

पाय दुखले म्हणून ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊन पुढे जाऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला भारी पडतात. लघवी चहा-कोलासारख्या रंगाची झाली तर तिथेच थांबायचं आणि खाली उतरून रुग्णालय गाठायचं, विश्रांती घेऊन बघू असं नाही.

आणि थांबायच्या जागा घरूनच ठरवून निघा. विंझर, गुंजवणे आणि भुतोंड्याच्या रस्त्याची खिंड, या तीन ठिकाणांहून बाहेर पडता येतं. प्रत्येक जागेला एक वेळ लिहून ठेवा. मी पहिल्यांदा जाणाऱ्याला सांगतो की आळू दरवाजात सकाळी अकराच्या पुढे पोचलात, किंवा पाणी दोन लिटरच्या खाली असलं, किंवा मागच्या तासाभरात पोटात काही टिकलं नसलं, तर मागे फिरून गुंजवण्यात उतरा. खिंडीतून बुधल्याच्या चढाला लागायची शेवटची वेळ दोन. हे नियम घरी, पोट भरलेलं असताना लिहायचे, कारण त्या धारेवर थकलेलं डोकं नेहमी पुढे चल असंच म्हणतं. ही कागदावरची वेळ घरच्या एका माणसाकडे द्या: प्रत्येक टप्प्यावर रेंज मिळाली की निरोप येईल, आणि वेल्ह्यातून संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवायचं. गिर्यारोहकांची महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही बचाव यंत्रणा आहे, तिचा क्रमांकही त्याच कागदावर असू द्या.

पहिल्या खेपेला एकट्यानं जाऊ नका, असंही सांगेन. दोघांनी आपापलं पाणी, आपापलं खाणं घेऊन बरोबर जाणं यात स्वतःच्या बळावर करण्याला कुठेही बाधा येत नाही. दोघांपैकी जो हळू असेल त्याचा वेग हाच वेग, एवढं आधी कबूल करून घ्या.

तोरण्यावरून वेल्ह्याकडे बिनी दरवाजातून उतरताना रेलिंग आहेत, ती धरा. बरेचजण इथेच घसरतात, कारण खाली गाव दिसायला लागलेलं असतं. वेल्ह्यात पोचलात की आधी खारं काहीतरी आणि गरम जेवण. स्वारगेटला येणाऱ्या एसटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा किंवा कुणाला तरी न्यायला बोलवा. वेल्ह्यात आधी दुचाकी लावून ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. रात्रभर जागून चौदा तास डोंगरात काढल्यावर नसरापूर रस्त्यानं गाडी चालवत येणं तोरण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.