गमी लागत नाही? आमिष नंतर, आधी पाणी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नला येऊन स्थिरावलात, साडेचार मीटरची टिनी (ॲल्युमिनियमची छोटी बोट) घेतली, शहराजवळच्या वेस्टर्नपोर्ट उपसागरात गरवायला जाता आणि पाकट व टोडफिश (फुगणारा, आमिष कुरतडणारा छोटा मासा) सोडून काही लागत नाही. तर गमी शार्कसाठी आमिष कोणतं आणि जागा कोणती?

उत्तर देतो, पण क्रम बदलून. आमिष आणि जागा तिसऱ्या-चौथ्या नंबरावर येतात. पहिला नंबर पाण्याच्या ओढीचा, दुसरा नांगराचा. हे दोन जमले तर कुठल्याही दुकानातल्या आमिषावर गमी लागतो. हे चुकलं तर सोन्याचं माकुल लावून बसलात तरी पाकटच येणार.

गमी हा आपल्या मोरी-मुशीच्या गोत्रातला मासा. तोंडात फरशी बसवल्यासारखे चपटे दात, चावण्यापेक्षा भरडण्यासाठी. खेकडे, ऑक्टोपस, माकुल, तळाशी फिरणारे छोटे मासे हे त्याचं खाणं. म्हणजे तो तळाजवळ, वासाच्या मागावर हिंडतो, आणि खेकडे जिथे उघडे पडतील तिथे पाण्याबरोबर जातो. वेस्टर्नपोर्टचा उपसागर सुमारे ६८० चौरस किलोमीटरचा, आणि त्यातला सुमारे २७० चौरस किलोमीटर चिखल ओहोटीला उघडा पडतो. त्या चिखलावरचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. गमीचं जेवणाचं वेळापत्रक तेच. शेजारच्या पोर्ट फिलिपमध्ये तोंड अरुंद असल्यामुळे आत भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही पडत नाही. वेस्टर्नपोर्टला उधाणाच्या दिवशी हा फरक अडीच-तीन मीटरच्या आसपास जातो. तेवढं पाणी सहा तासांत चॅनलमधून ये-जा करायचं म्हणजे ओढ कशी असेल ते तुम्ही पाहिलंच असेल.

म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस नवख्याने सोडून द्यावेत. अष्टमीच्या पुढे-मागे, भांगाच्या भरतीच्या दिवसांत जा. तेव्हा ओढ मवाळ असते, वजन तळाला टिकतं, आणि गरवण्याजोगा वेळ लांबतो. उपसागरातल्या स्टोनी पॉइंटचं भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवा. उपसागराच्या आतल्या टोकाला पाणी त्यापेक्षा उशिरा फिरतं, हे लक्षात असू द्या. माझा भर ओहोटीचा शेवटचा तास आणि भरतीचा पहिला तास यांवर असतो. पाणी पूर्ण थांबलं की वास पसरत नाही आणि गमी मंदावतो. अगदी जोरात असलं की तुमचं आमिषच तळावरून उडत राहतं. मधला, चालत्या माणसाच्या वेगाचा प्रवाह हवा.

आता जागा. जागेचं नाव विचारण्यापेक्षा जागेचा आकार समजून घ्या. ओहोटी चालू असताना चिखलावरचं पाणी बारीक नाळ्यांतून खोल चॅनलकडे निघतं आणि त्याबरोबर खेकडे-कोळंबीही येतात. अशा नाळीच्या तोंडाशी, जिथे तळ उथळातून खोलात उतरतो त्या काठावर बोट उभी करा. भरती सुरू झाली की उलटं करा: काठावरून वर, दोन ते पाच मीटर पाण्यात या. संध्याकाळनंतर चांगले मोठे गमी इतक्या उथळात येतात, आणि इथे तुमची छोटी टिनी मोठ्या बोटींपेक्षा सरस आहे, कारण त्यांना तिथे यायची छाती होत नाही. फक्त आवाज सांभाळा. ॲल्युमिनियमच्या तळावर डबा आपटला की तीन मीटर पाण्यात सगळ्यांना कळतं. जुनं कार्पेट अंथरा, खर्च शून्य.

उपसागरात यारिंगा, फ्रेंच आयलंड आणि चर्चिल आयलंड ही तीन मरीन नॅशनल पार्क आहेत, २००२ पासून. त्यांच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. फिलिप आयलंडवरच्या रिल गावावरून दक्षिणेला सरकताना चर्चिल आयलंडची हद्द पटकन येते, म्हणून सीमा प्लॉटरमध्ये (बोटीवरच्या जीपीएस नकाशात) भरून ठेवा. हेस्टिंग्सकडच्या जहाजांच्या चॅनलमध्ये नांगर टाकून बसणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, मॉडरेटर उडवतील.

नांगराबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आमिषावर पानं भरतात आणि यावर दोन ओळीही कोणी लिहीत नाही. नांगराला निदान दोन-तीन मीटर साखळी हवी, आणि दोर पाण्याच्या खोलीच्या किमान तीन ते पाच पट सोडायचा. दोर कमी सोडला की नांगर उचलला जातो, बोट हळूहळू घसरते, आणि तुम्ही मागे सोडलेली वासाची वाट वाया जाते. गमी त्याच वाटेने लांबून येतो. त्यामुळे एकदा बसलात की निदान तास-दीड तास हलू नका. दर वीस मिनिटांनी जागा बदलणाऱ्याला गमी भेटला तर तो त्याचा योग.

आणि नांगर कायम पुढून, बोटीच्या टोकावरूनच बांधायचा. मागून कधीही नाही. टिनीची मागची बाजू बुटकी, त्यावर इंजिनाचं वजन. ओढीत दोर ताणला की मागून पाणी आत येतं आणि बोट भरायला मिनिटही लागत नाही. नांगर अडकला तर इंजिनच्या जोराने मागे खेचत बसू नका. दोराला बोया बांधून सोडून द्या आणि पाणी थांबल्यावर परत या. नांगर पुन्हा विकत मिळतो.

वारा पाण्याच्या उलट असेल तर घरीच बसा. बोट आडवी फिरते, दोऱ्या ढिल्या पडतात, चावा कळत नाही, आणि वर आखूड, उभ्या लाटा उठतात. व्हिक्टोरियात उन्हाळ्यात गरम उत्तरेचा वारा सुटला की त्याच दिवशी नैर्ऋत्येचा बदल येऊन आदळू शकतो, हे हवामान खात्याच्या अंदाजात तासासकट दिलेलं असतं. लाइफजॅकेट अंगात, पायाखाली नाही. रात्री नांगरावर असाल तर चारही बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लागलेला हवा.

सामान: सहा ते दहा किलो ताणाच्या दोरीसाठीचा रॉड, ५००० साइजच्या आसपासचं रील, ३० पाउंडांची विणलेली दोरी (ब्रेडेड लाइन), ६० ते ८० पाउंडांचा मोनो लीडर, म्हणजे हुकाजवळचा जाड नायलॉनचा तुकडा. सरकतं वजन, ओढीप्रमाणे चार ते बारा औंस. हुक ६/० किंवा ७/० सर्कल, म्हणजे टोक आत वळलेला. सर्कल हुकला झटका द्यायचा नसतो. रॉड होल्डरमध्येच राहू द्या, मासा स्वतः वळून ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. आपल्याकडून गेलेल्यांना हा संयम सर्वांत अवघड जातो, हाताला झटक्याची सवय असते.

आमिष ताजं असावं, एवढंच खरं सूत्र. माकुल उत्तम, पण ते सगळ्यांनाच आवडतं, त्यामुळे टोडफिशची जत्रा जमते. त्रास फार झाला तर वामेचा तुकडा लावा. तिची कातडी चिवट, बारीक मासे कुरतडून संपवू शकत नाहीत. इथले जुने लोक मिठात मुरवलेली वाम वापरतात ती याचसाठी. बोय किंवा सॅल्मनचा काप चालतो. हिवाळ्यात थंडी सोसायची तयारी असेल तर पाकटांचा उपद्रव कमी असतो, मला तो हंगाम जास्त आवडतो.

मासा वर आला की आधी ओळख पटवा. गमीसारखाच दिसणारा स्कूल शार्क असतो. त्याचे दात तीक्ष्ण त्रिकोणी, आणि शेपटीच्या वरच्या पाकळीत इतकी खोल खाच की दोन शेपट्या असल्यासारखं वाटतं. गमीच्या पाठीवर बहुतेक वेळा पांढरे ठिपके असतात. विसाव्या शतकात स्कूल शार्कची बेसुमार मासेमारी झाली, त्याचा साठा अजून सावरलेला नाही. लागला तर सोडावा, असं माझं मत. कायदा काही प्रमाणात ठेवू देतो. व्हिक्टोरियात गमी आणि स्कूल मिळून माणशी दोन, आणि शेवटच्या कल्ल्याच्या फटीपासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत किमान ४५ सेंटिमीटर. मोजणी नाकापासून नाही, इथे बरेच जण फसतात. बोटीवर तुकडे करायचे नाहीत. पाण्यावर असेपर्यंत मासा अख्खा किंवा साफ केलेलं धड म्हणूनच ठेवायचा. नियम बदलतात, निघण्यापूर्वी फिशरीज ऑथॉरिटीचं चालू मार्गदर्शक बघा. काही सवलतधारक सोडले तर १८ ते ६९ वयाच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, नुसता रॉड धरून बसलेल्या मेव्हण्यालासुद्धा.

खूप मोठा गमी जवळपास नेहमी मादीच असते, कारण नर तेवढे वाढत नाहीत. तिच्या पोटात डझनभर किंवा त्याहून जास्त पिल्लं असू शकतात. मी सोडतो. शेपटीला धरून लटकवू नका, आतली इजा होते. जाळ्यातच ठेवून, पोटाखाली हात घालून हुक काढा. हुक खोल गेला असेल तर लीडर कापा. खायला मीटरभराचा गमी सर्वांत चांगला.

ठेवायचा असेल तर तत्काळ रक्त काढा, पोट साफ करा आणि बर्फात घाला. शार्कच्या मांसात युरिया असतो, उशीर झाला की त्याचा अमोनिया होतो. 'शार्कला वास येतो' म्हणणाऱ्यांनी बहुधा उन्हात पडलेला मासा खाल्लेला असतो. इथल्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानात फ्लेक म्हणून मिळतो तो प्रामुख्याने हाच. आपल्या पद्धतीने केला तर मोरीच्या आंबट-तिखटासारखा उत्तम होतो: कोकम, लसूण, काश्मिरी मिरची. कातडी सँडपेपरसारखी खरखरीत असते, ती आधी सोला. घरात कुणी गरोदर असेल किंवा सहा वर्षांखालची मुलं असतील तर पाऱ्यामुळे पंधरवड्यात एकच वाटा, आणि त्या पंधरवड्यात दुसरा मासा नाही, असा इथल्या अन्न-सुरक्षा संस्थेचा सल्ला आहे.

पहिल्यांदा बोट कुठून उतरवायची असं विचाराल तर रिल किंवा कोरिनेला. त्या बाजूला मोठी जहाजं नाहीत, आणि काठ-नाळींची रचना लवकर समजते. टूराडिन, वॉरनीट सध्या नको. ओहोटीला तिथे परतीच्या वाटेवर पाणीच उरत नाही. पुढच्या अष्टमीच्या आठवड्यातला, दहा नॉटखाली वारा असलेला आणि ओहोटी संध्याकाळी संपणारा दिवस शोधा. कोष्टक बघून दिवस इथे टाका, वाऱ्याचा अंदाज आपण मिळून वाचू.