गॅसचं बिल कमी येतंय? आधी मीटरसमोर उभे राहा

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. त्यात सासूबाईंचं येणं आहे, मुलाचं मराठी आहे, मंडळातल्या गणपतीच्या वर्गणीवरून झालेला रुसवा आहे. पण ताई, तुमची झोप उडवलीय ती गॅसच्या बिलानं, आणि मीही त्याच्यावरच बोलणार आहे. बाकीच्यांना शेवटी दोन ओळी मिळतील, राग मानू नका.

तुम्ही लिहिता: "दीड वर्षापूर्वी जुनं घर घेतलं. तेव्हापासून गॅसचं बिल शेजाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी येतं. वाटायचं, आपण काटकसरीनं राहतो. गेल्या महिन्यात मुलगा शाळेच्या प्रोजेक्टसाठी मीटर बघायला गेला आणि म्हणाला, आई, इथे क्यूबिक फूट लिहिलंय, मग बिलावर क्यूबिक मीटर का? ह्यांनी त्याला बजावलं, हे कुठे बोलू नकोस. ह्यांचं म्हणणं, व्हिसासाठी वर्षाला माणशी १०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरताना आपल्यावर कुणी दया केली नाही. कंपनीची चूक कंपनीनं शोधावी."

तुमच्या मुलाची नजर पक्की आहे. इथल्या जुन्या घरांत अजूनही फुटांत मोजणारे गॅस मीटर आहेत. त्यांचं एक युनिट म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कंपनीच्या नोंदीत मीटर चुकून मेट्रिक लागला, की २.८३ नं गुणायचं राहून जातं. महिन्यात काटा ४० युनिटं पुढे गेला, तर बिल लागतं साधारण ४५० किलोवॅट-अवरचं, आणि जळलेला असतो जवळपास १२७० चा गॅस. ही काटकसर नव्हे ताई. दोन-तृतीयांश गॅस हिशेबातच आलेला नाही.

यजमानांच्या रागाचं मला नवल वाटत नाही. मोठ्यांचे १०३५, मुलाचे ७७६, तेही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम. ती रक्कम भरताना पोटात कसा खड्डा पडतो, ते आपल्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पण तो हिशेब व्हिसा देणाऱ्या होम ऑफिसशी, हा गॅस कंपनीशी. एकाकडचं येणं दुसऱ्याच्या खात्यातून परस्पर वळतं करून घेता येत नाही. आपल्या गावच्या वाण्यानं तरी ते चालवून घेतलं असतं का?

आमच्या सांगलीच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय असायचं आणि त्याच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. दूध आलं नाही की त्या तारखेवर आई खाड्याची फुली मारायची, जास्तीचं घेतलं की तिथेच 'अर्धा ज्यादा' लिहायची. महिनाअखेरीला गवळी ओट्यावर टेकला की आई कॅलेंडर काढून त्याच्यासमोर धरायची. एकदा पाडव्याचं श्रीखंडासाठी घेतलेलं दूध लावायचं तो विसरला होता. आईनं आधी ते मांडायला लावलं, मगच खाडे वजा करायला सांगितले. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. कॅलेंडरवर लिहिलंय म्हणजे ते द्यायचं, एवढंच.

ती सवय मी इथे आणली नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणी तरी मोजली. १९९६ साली आम्ही लंडनच्या हॅरोमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. हीटिंग विजेवर, मुलगी तीन महिन्यांची, त्यामुळे हीटर दिवसरात्र चालू. तरी तिमाहीचं बिल अगदी किरकोळ यायचं. आम्ही खूश. जानेवारीत चार दिवस लेस्टरला गेलो, सगळं बंद करून. निघताना सहज मीटरचा आकडा लिहून ठेवला होता. परत येऊन पाहते तो आकडा ३१ युनिटांनी पुढे! जिन्याखालच्या कपाटात दोन मीटर होते, आणि नोंदणीत त्यांची अदलाबदल झाली होती. आमची वीज वरच्या मजल्यावरच्या आजींच्या बिलात जात होती आणि त्यांची आमच्या.

हे म्हणाले, कंपनी बघेल. मीही मान डोलावली. तीन आठवडे आम्ही तसेच गेलो. मग एका संध्याकाळी जिन्यात आजी भेटल्या. घरातून घरातच, पोस्ट घ्यायला उतरल्या होत्या, तरी अंगात जाड कोट आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेली. म्हणाल्या, बिल इतकं येतं की संध्याकाळी सातनंतर हीटर लावतच नाही, तरी कमी होत नाही. कसं होणार होतं? ते आमचं बिल होतं. माझी लेक उबेत झोपत होती आणि त्या वर गारठत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. फरकाचे २१४ पौंड आम्ही सहा हप्त्यांत फेडले. त्या पैशांचं मला काहीच वाटलं नाही. ते तीन आठवडे मात्र अजून सलतात.

म्हणून ताई, पहिलं काम: मीटरवरचा सीरियल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर तुमच्या शेजारी कोण जास्तीचं भरतंय, हा प्रश्न गॅसच्या युनिटांहून मोठा आहे. जुळत असतील तर चूक फक्त फूट-मीटरची, आणि ती कळवणं सोपं आहे.

लेखी कळवा. ईमेल चालेल. मीटरचा फोटो जोडा, त्यात आकडे, सीरियल नंबर आणि फुटाची खूण तिन्ही दिसू द्या. फोनवर बोललात तर तारीख-वेळ टिपून ठेवा.

"दीड वर्षाचं एकदम मागितलं तर कुठून आणू?" असंही तुम्ही विचारलंय. तेवढं मागता येत नाही. मे २०१८ पासून ऑफजेमचा, म्हणजे इथल्या गॅस-वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे: घरगुती ग्राहकाला बिल कंपनीच्या चुकीनं कमी लागलं असेल, तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे कंपनी नव्यानं मागू शकत नाही. म्हणजे तुमचे सुरुवातीचे सहा महिने नियमानंच सुटले. उरलेले भरायला जड जात असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि हप्ते मागा; ऐपत बघून हप्ते ठरवणं त्यांना भाग आहे. मनाला येईल तसं मागायला लागले तर कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा एनर्जी ओम्बड्समन आहे, त्याला फी पडत नाही.

आता यजमान म्हणतील, मग अजून गप्प बसू, आणखी महिने सुटतील. त्यांना माझ्याकडून सांगा, त्या नियमाला अपवाद आहे. ग्राहकानंच आडकाठी केली किंवा उघड उघड गैरवाजवी वागला, तर ते १२ महिन्यांचं संरक्षण जातं. माहीत असून गप्प बसलो ते त्यात मोडतं की नाही, हा वाद घालत बसायची वेळ कशाला आणायची? आज तुमची बाजू स्वच्छ आहे. मुलानं गेल्या महिन्यात पाहिलं, तुम्ही आज कळवलं. सहा महिन्यांनी हेच वाक्य तुम्हाला म्हणता येणार नाही. आणि याचा आयएलआरवर, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीवर, परिणाम होईल ही धास्ती असेल तर ती सोडा. त्या अर्जात गॅसचा हिशेब कुणी मागत नाही.

मुलाला 'बोलू नकोस' सांगितलंय, ते मात्र यजमानांनी स्वतः मागे घ्यावं. तुम्ही नव्हे, त्यांनी. दहा वर्षांच्या पोरानं आकडा बरोबर वाचला आणि त्याला गप्प केलं गेलं. ताई, हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

बाकीचं थोडक्यात. वर्गणीचा रुसवा गणपती येईपर्यंत निवळेल. सासूबाईंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स त्या निघण्याआधी काढा आणि बीपी-शुगर लपवू नका. मुलगा मराठी बोलत नाही म्हणता, तर दर रविवारी मीटरचा आकडा त्याला मराठीत मोठ्यानं वाचायला लावा: एक्केचाळीसशे सदुसष्ट. तुम्ही लिहून घ्या. सासूबाईंना येताना एक कालनिर्णय आणायला सांगा, ते मीटरच्या कपाटाशेजारी लावा आणि पेन्सिल दोऱ्यानं बांधा, नाही तर ती दोन दिवसांत हरवते.