शमीचं बी मेलेलं नाही, आधी हे तपासा

जतच्या माळावर मे महिन्यात पिशव्यांत शमी (राजस्थानातली खेजडी) आणि अंजन गवत लावलं, बोअरचं मचूळ पाणी रोज दिलं, तरी उगवण नगण्य. बी बोगस आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही.

शमीचे न उगवलेले दाणे उकरून काढा, धुवा आणि रात्रभर गोड्या पाण्यात ठेवा. सकाळी काही फुगलेले दिसतील, काही खड्यासारखे टणकच. टणक दाण्यांत पाणी शिरलेलंच नाही, कवच आड येतंय. नेलकटरने देठाच्या खुणेच्या विरुद्ध टोकाला बारीक टवका उडवा, आतल्या डाळीला धक्का न लावता, आणि पुन्हा भिजत घाला. बाभळीचं बी आपल्याकडे शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करतात ते याचसाठी. शेळीच्या पोटात कवच मऊ पडतं.

फुगलेले दाणे गोड्या पाण्यात दोनचार दिवसांत मोड देऊ लागले, तर दोष बोअरच्या पाण्याचा. क्षार जास्त असले की बियाला पाणी ओढून घेता येत नाही, ते थांबून राहतं. फुगून कुजले असतील, तर ते क्षाराने किंवा उन्हाने गेले. कोरडं बी मेची तापलेली माती सोसतं, भिजलेलं सोसत नाही. म्हणून मे सोडा.

अंजन गवताचं बी ताजं असेल तर ते काही महिने तसंही झोपूनच असतं. मागच्या वर्षीचं, कुसळं चोळून काढलेलं वापरा.

आता माझा आग्रह. सगळ्या बियांना टवके मारू नका. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या हंगामी झाडांवर काम केलं, त्यात 25 मिमीच्या आसपास पाऊस वरून पडला तरच बी नीट उगवे. तेवढंच पाणी खालून मुरवलं तर नाही. बियातली उगवण रोखणारी द्रव्यं वरच्या पाण्याने धुतली जावी लागतात. एखाद्या हलक्या सरीला बी फसत नाही ते त्यामुळे. शमीचं टणक कवचही बियाला असंच थांबवून धरतं. आपल्याकडे वळीव पडतो आणि पुढे महिना कोरडा जातो, हे तुम्ही दरसाल बघता. एकदम जागं केलेलं बी त्या खंडात सगळंच्या सगळं जळतं. पिशव्यांत लावायचं तेवढं टवके मारून घ्या, कारण तिथे पाणी तुमच्या हातात आहे. माळावर थेट टोकायचं असेल तर निम्मं तसंच ठेवा. पिशव्यांना साठवलेलं पावसाचं पाणी द्या, वर सावली करा. टवक्यांनंतर काय उगवलं ते इथे कळवा, बोअरच्या पाण्याचा क्षारांचा रिपोर्ट असेल तर तोही टाका.