पावसाळी ट्रेकला चालेल असा दणकट, स्वस्त मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा कोणता घ्यावा?

नवाच हवा असा हट्ट नसेल तर सेकंडहँड ऑलिंपस ओएम-डी ई-एम५ मार्क टू बघा. 2015 चं मॉडेल, 16 मेगापिक्सेल; आज आकडा लहान वाटतो, पण प्रिंटला पुरून उरतो. मॅग्नेशियमची बॉडी, सांध्यांना सीलिंग (पाणी-धूळ अडवणारं रबर) आणि बॉडीतच पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर येण्याची सोय, त्यामुळे ट्रायपॉड बरेचदा घरीच राहतो. पॅनासॉनिक जी८५ सुद्धा चांगला, हातात जरा जाडजूड.

खरी मेख लेन्समध्ये आहे. बॉडी सील्ड आणि सोबतची 14-42 मिमी लेन्स साधी, म्हणजे पाणी माउंटमधून (लेन्स बसते त्या जागेतून) आत शिरणारच. ऑलिंपसच्याच 14-150 मिमी लेन्सची दुसरी आवृत्ती सील्ड आहे, वजन जेमतेम 285 ग्रॅम; जवळचं-लांबचं दोन्ही तिच्यातच येतं, म्हणून गडावर लेन्स बदलायची भानगडच नको. पहिली आवृत्ती सील्ड नाही, विकणारे दोन्हींत गल्लत करतात. लेन्स उलटी करून बघा, मागच्या धातूच्या कड्याभोवती रबराची बारीक रिंग दिसली पाहिजे. बॅटरीच्या झाकणाचं रबरही तपासा.

सील्ड म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. हरिश्चंद्रगडावरची भुरभुर चालेल, धबधब्याखाली नेऊ नका. आणि घरी आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत तसाच ठेवलात तर कोकणातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरलीच म्हणून समजा.