खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दारू वाढलीय. महिला संघ आणि तरुणांनी काय करावं?

आडव्या बाटलीचं मतदान, म्हणजे मतदान करून गावातलं दारू दुकान बंद करणं, हा महाराष्ट्राचा नियम, आपण कर्नाटकात. पण इथे २००७ पासून अरॅकवर, म्हणजे स्वस्त देशी दारूवर, बंदी आहे आणि किराणा दुकानातली चोरटी विक्रीही बेकायदाच. अबकारी खात्याला लेखी तक्रार संघाच्या नावाने द्या, शक्यतो कन्नडमधून. एकट्या बाईला पुढे करू नका, रोष तिच्या घरावर येतो.

आणि कळकळीने सांगतो, रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडू नका! अचानक थांबवली की दोन-तीन दिवसांत फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. पोरांनी त्याच्यासोबत दवाखान्यात जावं, नंतर महिनोन्महिने संध्याकाळी त्याच्या सोबतीला राहावं, जत्रेत तर नक्कीच. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे.