तीन महिन्यांच्या लॅब पिल्लाला किती खायला द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅब्रॅडॉरचं पिल्लू, वय ३ महिने, वजन ९ किलो. सुकं पपी फूड पिशवीवरच्या तक्त्याप्रमाणे देताय, पण भांडं मिनिटभरात चाटूनपुसून साफ होतं आणि मग ते कुईंकुई करत तुमच्या मागे फिरतं. खाणं वाढवायचं का? आणि ओळखीचे लोक सांगतात तसं दूध आणि कॅल्शियमचं टॉनिक सुरू करायचं का?

कॅल्शियमचं आधी सांगते, कारण तिथे झालेलं नुकसान नंतर भरून निघेलच असं नाही. टॉनिक देऊ नका. सुरू केलं असेल तर आजच थांबवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. मोठ्या कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम आत घेतं आणि बाकीचं सोडून देतं. पिल्लाला साधारण सहा महिन्यांपर्यंत ते नीट जमत नाही. खाण्यातून जितकं जास्त कॅल्शियम येईल, तितकं जास्त शरीरात जातं, हवं असो वा नसो. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर यावर बरंच काम झालं. जास्तीच्या कॅल्शियममुळे हाडं मजबूत होण्याऐवजी कूर्चेचं हाडात रूपांतर होण्याची क्रियाच बिघडते आणि सांधे दुखावतात, पाय वाकडे होतात, असं त्यातून दिसलं. मोठ्या जातींची पिल्लं यात सगळ्यात आधी सापडतात. अमेरिकेतली अ‍ॅफको ही संस्था पशुखाद्याची मानकं ठरवते. तिने पाणी वगळून उरलेल्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा २.५ टक्के ठेवली आहे, पण मोठ्या होणाऱ्या पिल्लांच्या खाद्यासाठी ती १.८ टक्क्यांवर आणली आहे. मोठं म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर सुमारे ३२ किलो किंवा जास्त. लॅब अगदी या रेषेवर असतो, नर तर बहुधा पलीकडेच जातो, म्हणून त्याला मोठी जात धरूनच चाला. वाढीच्या वयासाठी बनवलेल्या पूर्ण आणि संतुलित खाद्यात लागेल तेवढं कॅल्शियम असतंच. वरून टॉनिक ओतलं की ते संतुलन आपणच मोडतो.

उलट्या बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. काही जण पिल्लाला नुसतं मांस आणि भात घालतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं, त्यामुळे शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी ते हाडांतून काढायला लागतं. अशी पिल्लं सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडून घेतात. घरी शिजवूनच द्यायचं असेल तर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून वजन-मापासह पाककृती करून घ्या आणि तिच्यात काहीही वगळू नका. अंदाजाने केलेलं घरचं खाणं मोठ्या कुत्र्याला काही काळ चालून जातं, वाढत्या पिल्लाला चालत नाही.

आता मापाकडे येऊ. पिशवीवरच्या तक्त्यात दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात. पहिलं म्हणजे त्यात लिहिलेले ग्रॅम बहुतेक वेळा दिवसभराचे असतात, एका वेळचे नाहीत. दुसरं म्हणजे काही तक्ते पिल्लाच्या आजच्या वजनावर असतात, तर काही मोठेपणीच्या अपेक्षित वजनावर. तुमचा तक्ता दुसऱ्या प्रकारचा असेल आणि तुम्ही ९ किलोची ओळ वाचत असाल, तर तुम्ही एका छोट्या जातीचं माप लॅबला देताय, आणि मग त्याची भूक खरी आहे. म्हणून पिशवी उलटून आधी एवढं तपासा. शिवाय ते खाद्य ‘वाढीसाठी’ किंवा ‘सर्व वयांसाठी’ आहे ना आणि मोठ्या जातींच्या पिल्लांना चालतं ना, हेही बघून घ्या.

तक्त्यावर विसंबण्यापेक्षा स्वतः हिशोब केलेला बरा. पशुवैद्यक वापरतात ती पद्धत साधी आहे. वजनाचा घन काढायचा, त्याचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणायचं. तुमच्या पिल्लाचं बघा: ९ × ९ × ९ म्हणजे ७२९. त्याचं वर्गमूळ २७, त्याचं पुन्हा वर्गमूळ ५.२. गुणिले ७० केलं की ३६४ किलोकॅलरी येतात. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा झाली. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला याच्या तिप्पट लागते, म्हणजे सुमारे १०९०. पिशवीवर १०० ग्रॅममध्ये किती किलोकॅलरी ते बहुतेक वेळा छापलेलं असतं. समजा ३८० असतील, तर दिवसाचं माप साधारण २८५ ग्रॅम. ओलं खाद्य असेल तर हाच हिशोब पुन्हा करा, कारण त्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं आणि सुक्याचे ग्रॅम त्याला लागू पडत नाहीत.

चार महिन्यांनंतर तिपटीच्या जागी दुप्पट धरतात. चार महिने भरल्या दिवशी एकदम कात्री लावायची असा याचा अर्थ नाही. तिपटीवरून अडीचपट, मग दुप्पट, असं काही आठवड्यांत उतरायचं.

हाच हिशोब पुढे नेला की एक गोष्ट लक्षात येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हेच पिल्लू सहा महिन्यांचं आणि २० किलोचं झालं की त्याला त्याच खाद्याचे साधारण ३५० ग्रॅम लागतील. पूर्ण वाढलं, ३० किलोचं झालं की पट दुपटीच्याही खाली येते, आणि माफक हालचाल करणाऱ्या कुत्र्याला ३८० च्या आसपास पुरतात. म्हणजे वजन तिपटीहून जास्त वाढणार, पण खाणं आजच्यापेक्षा जेमतेम एक तृतीयांशाने वाढणार. ‘पिल्लू वाढतंय, माप वाढवत राहा’ हा सल्ला त्यामुळेच फसवा आहे. बरीच लॅब पिल्लं पाचव्या-सहाव्या महिन्यापासून जाड व्हायला लागतात, कारण घरातल्यांचा हात सवयीने दर पंधरवड्याला थोडा थोडा सैल होत जातो.

खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. कपाने किंवा वाटीने नको. एकाच घरात दोघांनी भरलेल्या एकाच कपात बराच फरक पडतो. सकाळीच दिवसाचं सगळं माप एका डब्यात काढून ठेवा आणि दिवसभर त्यातूनच द्या. घरात खाऊ घालणारे हात जास्त असतील तर हा एकच उपाय मला खात्रीचा वाटतो: डबा रिकामा झाला की त्या दिवसाचं खाणं संपलं.

तरीही २८५ हा आकडा सुरुवात म्हणूनच घ्या. त्याच वजनाच्या दोन पिल्लांची गरज सहज वेगळी असते. आकडा बरोबर आहे का ते पिल्लाच्या अंगावरून ठरतं. दर आठवड्याला एकाच दिवशी, खाण्याआधी वजन करा. तुम्ही त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. मग दोन्ही हातांचे तळवे त्याच्या छातीच्या बाजूंवरून हलकेच फिरवा. आपल्या उघड्या पंजाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. मूठ वळल्यावर सांधे वर येतात तशा लागल्या तर पिल्लू बारीक आहे, आणि तळहाताच्या बाजूसारखं नुसतं मऊ लागलं तर जाड. वरून पाहिलं की बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी. डॉक्टर हेच ९ गुणांच्या पट्टीवर मोजतात, त्यात ४ किंवा ५ आले की छान. माप बदलायचं तर दिवसाच्या दहा टक्क्यांइतकंच कमी-जास्त करा आणि आठवडाभर थांबून पुन्हा हात लावून बघा. वॉल्थम या संशोधन संस्थेने पिल्लांच्या वजनाचे वाढीचे तक्ते काढले आहेत, नर-मादीचे वेगळे, ते डॉक्टरांकडून मागून घ्या. पिल्लू तक्त्यावरच्या आपल्या रेषेला धरून वर जात असेल तर चांगलं चाललंय. रेषा ओलांडून झपाट्याने वर जाणं हे कौतुकाचं लक्षण नाही.

‘गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू’ ही समजूत पुष्कळ घरांत पक्की बसलेली आहे, आणि प्रेमापोटीच बसलेली आहे, म्हणून हा अभ्यास सांगते. प्युरिना या पशुखाद्य कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर सांभाळून तपासले. एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या केल्या आणि आठव्या आठवड्यापासून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (गटातले निम्मे कुत्रे याहून जास्त जगले) १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांध्यांच्या आजारासाठी उपचार लागण्याची वेळही सडपातळ कुत्र्यांवर सुमारे तीन वर्षं उशिरा आली. यावरून तुम्ही मोजलेल्या मापातून आणखी पाव भाग कापू नका, कारण तिथे ज्याच्याशी तुलना केली तो भाऊ भरपूर खाणारा होता. पण बेताने वाढलेलं पिल्लू मागे पडेल ही भीती मात्र मनातून काढून टाका. उंची ते आपल्या रक्तातून घेऊन आलेलं असतं. सावकाश वाढलं तरी तिथपर्यंत पोचतं, आणि कोवळ्या सांध्यांवर मधल्या काळात भार कमी पडतो.

मग ते रडतं का? लॅबच्या बाबतीत याला निम्मं उत्तर जनुकांत आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला द्यायचं काम त्यावर चालतं. अशा कुत्र्याला दोन खाण्यांच्या मध्ये जास्त भूक लागते आणि स्वस्थ बसलेलं असताना ते ऊर्जाही कमी जाळतं. बिचारं ढोंग करत नाही, त्याला खरंच भूक लागलेली असते. पण त्या भुकेवरून गरज ठरवता येत नाही, आणि सांभाळणाऱ्याने हे समजून घेतलं तर दोघांचंही सोपं होतं. बरगड्या योग्य लागत असतील आणि वजन नीट वाढत असेल, तर रडण्यासाठी माप वाढवू नका. त्याच मापाला जास्त वेळ पुरवा. काही दाणे जमिनीवर विखरून शोधायला लावा, खाचांचं भांडं वापरा, ‘बस’ आणि ‘ये’ शिकवताना बक्षीस म्हणून डब्यातलेच दाणे द्या. बाहेरचं बक्षीस द्यायचं तर दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे नको. तुमच्या पिल्लासाठी हे ११० किलोकॅलरींच्या आत बसायला हवं, आणि तेवढे दाणे डब्यातून कमी करा.

दूध लागत नाही. आईचं सुटल्यावर दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात, आणि कॅलरी वर जातात त्या वेगळ्याच. प्यायला साधं ताजं पाणी नेहमी समोर असू द्या.

पोट खाल्ल्यावर थोडा वेळ गोल दिसणं ठीक. पण बरगड्या वर आलेल्या आणि पोट मात्र कायम फुगलेलं, असं असेल तर जंत असण्याची शक्यता मोठी. तेव्हा खाणं वाढवून काही होत नाही, जंताचं औषध द्यावं लागतं. खाद्य बदलायचं झालं तर एका दिवसात बदलू नका. सात ते दहा दिवस घ्या, आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले पदार्थ आणि शिजवलेली हाडं यांना अजिबात थारा नको, चिमूटभरही नाही. आणि या वयाच्या पिल्लाने खाणं पूर्ण सोडलं, सोबत उलट्या-जुलाब आणि मरगळ असली, तर भूक परत येईल म्हणून वाट बघू नका. लसी पूर्ण झालेल्या नसतील तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका घ्यावी लागते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दिवसातून किती वेळा, तर आत्ता चार वेळा देत असाल तर तीनवर या, आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरे. नसबंदी केलीत तर त्यानंतर ऊर्जेची गरज खाली येते आणि भूक उलट वाढते, त्यामुळे त्या महिन्यात बरगड्यांवर हात नेहमीपेक्षा जास्त वेळा फिरवा. लॅबचं पपी फूड साधारण १२ ते १५ महिन्यांपर्यंत चालू ठेवतात. मोठ्यांच्या खाद्यावर जातानाही हिशोब नव्याने करा, कारण १०० ग्रॅममागच्या कॅलरी तिथे वेगळ्या असतात.